गाण्यात शेवटची घाला

आमच्या फुनाफुती बेटावर विमान उतरायचं असलं की दोनदा भोंगा वाजतो. पहिल्या भोंग्याला कुणी जागचं हलत नाही. व्हॉलीबॉलवाले म्हणतात, एवढा पॉइंट होऊन जाऊ दे. चटया टाकून वाऱ्याला बसलेल्या बायका म्हणतात, अजून विमान दिसत तरी कुठंय. कुत्री आणि डुकरं तर कुणाच्या बापाला भीत नाहीत. दुसऱ्या भोंग्याच्या आत ही सगळी वरात धावपट्टीवरून बाजूला काढायची, हे वीस वर्षं फियालुपेचं काम आहे.

फियालुपे हे नाव चर्चमध्ये आणि पासपोर्टवर. एरवी ती लुपे. ठेंगणी, खांद्यांनी रुंद, पायात चप्पल नाही, गळ्यात शिट्टी. शिट्टी ती वाजवते क्वचितच, कारण तिचा आवाज शिट्टीला भारी आहे.

"हला! बाजूला व्हा! ए टेलिमा, उचल ती जाळी! विमान काय तुझ्या सर्व्हिससाठी वर घिरट्या घालणार आहे?"

"लुपेताई, एकच पॉइंट!"

"तुझा एक पॉइंट गेल्या नाताळपासून चाललाय. हल म्हटलं ना!"

मग ती पळत सुटते. धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुढे कुत्रं, मागे लुपे. पलीकडच्या टोकाला डुकरांचे गोठे आहेत, तिथून सुटलेलं एखादं डुक्कर हमखास मधोमध बसलेलं असतं. त्याला हाकलून ती परत पळत येते आणि हात वर करते. तेव्हा कुठे दुसरा भोंगा होतो.

पूर्वी हे काम अग्निशमनाच्या गाडीचं होतं. गाडी एकदा बंद पडली, सुटा भाग समुद्रापलीकडच्या सुवा शहरातून यायला वर्ष लागलं, आणि तेवढ्यापुरती म्हणून लुपेला ठेवली. नवरा जहाजावर, घरात सासू आणि चार तोंडं. लुपेलाही काम हवंच होतं. वर्षानं गाडी दुरुस्त झाली, पण तोवर लोक गाडीला जुमानेनासे झाले होते. गाडीला तोंड नसतं ना. लुपेला आहे.

एकदा एक परदेशी माणूस कॅमेरा घेऊन आला होता. असले बरेच येतात. सगळ्यांना आमच्या बुडण्याची भारी घाई. धावपट्टीच्या मधोमध कॅमेरा मांडून त्यानं लुपेला गाठलं आणि चेहरा पाडून विचारलं, "समुद्र वर आला, ही जमीन गेली, की तुम्ही कुठे जाणार?"

"ते मागाहून बघू," लुपे म्हणाली. "आधी तू जा. विमान येतंय."

तिनं कॅमेऱ्याची तिकाटणी उचलली आणि गवतात नेऊन ठेवली. मागोमाग तोही गेला. ही गोष्ट बेटावर इतक्या वेळा सांगितली गेली की आता त्या माणसाला तिकाटणीसकट उचलून नेलं, इथवर येऊन ठेपली आहे.

लुपेचं पळणं पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं असेल तर आपिनेरूनं. हा आमच्या क्रीडा मंडळाचा चिटणीस, पूर्वीचा शाळामास्तर. भर दुपारी इस्त्रीचा शर्ट घालणारा बेटावरचा एकमेव माणूस. महासागरातल्या सगळ्या देशांचे खेळ दर चार वर्षांनी भरतात, तिथे आमचं पथक घेऊन तोच जातो. वजन उचलणारे आमच्याकडे आहेत, होड्या वल्हवणारे आहेत, फुटबॉलवाले तर हवे तेवढे. लांब पल्ल्याला मात्र कुणी मिळेना.

"लुपे, दहा हजार मीटर धावशील का?"

"कुणाच्या मागे?"

"म्हणजे?"

"पुढे काय आहे? कुत्रं की डुक्कर?"

"पुढे काही नाही. नुसतं गोल धावायचं. पंचवीस फेऱ्या."

"पकडायचं काहीच नाही? मग उगाच कशाला दमायचं?" असं म्हणाली खरी, पण गेली.

त्या पहिल्या वेळी तिला बूट दिले होते. बुटांनी दहाव्या फेरीला टाचा सोलल्या. पुढच्या बायका तिला एकदा मागे टाकून गेल्या, दुसऱ्यांदा मागे टाकून गेल्या, आणि चौदाव्या फेरीला पिवळा झेंडा घेतलेला एक पंच ट्रॅकवर आला. त्यानं लुपेचं कोपर धरलं. धसमुसळेपणानं नाही हो, फार मायेनं, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं. "पुरे झालं, चला," म्हणाला आणि तिला गवतावर नेऊन सोडलं. सोळा वर्षं ज्या बाईनं अख्ख्या गावाला बाजूला काढलं, तिला कुणीतरी बाजूला काढलं. कोपर सोडवून घ्यायचंही तिला त्या वेळी सुचलं नाही.

परत आल्यावर तिला वाटलं, आता महिनाभर आपली चामडी लोळवतील. आमच्याकडे चेष्टेतून कुणी सुटत नाही. पाद्री प्रवचनात शिंकला तरी त्याचं गाणं होतं. कुणी नारळाच्या झाडावरून पडला तर हाड सांधायच्या आधी त्याचं टोपणनाव पडलेलं असतं. पण लुपेला कुणी काहीच बोललं नाही. व्हॉलीबॉलवाले पहिल्या भोंग्याला मुकाट जाळी उचलू लागले. "येतो हं लुपेताई, निघालोच." बायका चटया गुंडाळून तिच्याकडे बघून हसायच्या, तेही ओठ मिटून. म्हातारा पेनितुसी, बेटावरची सगळी चेष्टेची गाणी रचणारा, तिला रस्त्यात भेटला तर तब्येत विचारायचा.

आमच्याकडे चेष्टा थांबली की समजावं, लोकांना आपली कीव येते आहे. लुपेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टेलिमानं एकदा तरी "एकच पॉइंट" म्हणावं म्हणून ती जाळीजवळ मुद्दाम रेंगाळायची. तो बिचारा जाळी उचलून चालू लागायचा.

"आजारी माणसासारखे वागवतात मला," ती सासूला म्हणाली.

सासूचं नाव सेलाई. सत्तरी ओलांडलेली, पण जीभ विशीतली. "मग आजारी पड नाहीतर बरी हो," ती म्हणाली. "मधल्यामधे माझं डोकं खाऊ नकोस."

पुढच्या खेळांची वेळ आली तेव्हा लुपे आपणहून आपिनेरूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी पुन्हा जाणार."

आपिनेरूनं चष्मा काढला, पुसला. "लुपे, तू एकेचाळीसची झालीस."

"विमानानं कधी माझं वय विचारलं नाही."

"अगं, पुन्हा तसंच झालं तर? एवढ्याशा देशाचे आपण. मैदानात हजारो माणसं. लोक हसतात."

"हसू देत की! हसत नाहीत हेच तर दुखणं आहे. मला एकदा पंचवीस फेऱ्या पुऱ्या करू दे. शेवटून पहिली येईन, पण माझ्या पायांनी रेघ ओलांडीन. या खेपेला माझं कोपर कुणी धरणार नाही."

आपिनेरूला ही कटकट नको होती. पण दुसरं कुणी तयारच नव्हतं.

संध्याकाळचं विमान गेलं की ती धावू लागे. रविवार सोडून रोज. भरतीच्या मोठ्या दिवसांत धावपट्टीच्या कडेनं जमिनीतूनच खारं पाणी वर येतं, घोट्याइतकं साचतं. लुपे त्यातून छपछप करत जायची. बूट तिनं मोठ्या मुलीला देऊन टाकले होते. निघायच्या दिवशी शिट्टी सासूच्या गळ्यात घातली.

"तू जा निवांत," सेलाई म्हणाली. "डुकरं ऐकतात माझं. माणसांचं बघून घेईन."

यजमानांचं बेट मोठं, डोंगरांचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी आपिनेरू पंचांना जाऊन भेटला आणि हात चोळत परत आला. "बोललोय मी त्यांच्याशी. मागे पडलीस तरी या वेळी उठवणार नाहीत. पहिली आल्यावरही थोडं थांबतील. पण लगेच अडथळ्यांची शर्यत आहे, मग ट्रॅक मोकळा करावा लागेल म्हणाले. तू फक्त नीट धाव, लुपे. नियमानं. काही वेडंवाकडं करू नकोस."

"मी कधी वेडंवाकडं केलं?"

आपिनेरू शहाणा माणूस. तो शर्टाच्या बाह्या सारख्या करत निघून गेला.

शर्यतीला बारा बायका होत्या. आमच्या पथकातले जे मोकळे होते ते सगळे एका कोपऱ्यात बसले होते, वजनवाले, होडीवाले, फुटबॉलवाले, पायाशी पिशव्या ठेवून. लुपेनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती अनवाणी उभी राहिली, गोळी सुटली आणि निघाली.

चांगली धावत होती. खरंच चांगली. फेऱ्या ती बोटांवर मोजत होती, धावपट्टीवर मोजायची तशीच. पुढच्या बायका मागून येऊन तिला ओलांडून गेल्या तेव्हा तिनं त्यांना मनातल्या मनात कुत्री म्हटलं आणि त्यांच्या मागे लागली. पुन्हा ओलांडून गेल्या, पुन्हा लागली. चौदावी फेरी आली तशी तिनं दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरली. पिवळा झेंडा जागचा हलला नाही. चौदावी गेली, पंधरावी गेली. सोळावी संपताना तिला पहिल्यांदा वाटलं की हे जमतंय. छाती फुटायला आली होती, पण पाय तिचं ऐकत होते.

सतराव्या फेरीत, मैदानाच्या पलीकडल्या बाजूला, भोंगा वाजला.

लुपेनं विचार केला नाही. वीस वर्षं ज्या गोष्टीचा विचार केला नाही तिचा तेव्हा कुठून करणार? ती गर्रकन वळली, दोन्ही हात पसरले आणि मागून येणाऱ्या बायकांवर ओरडली, "हला! बाजूला व्हा! विमान! विमान!" पहिली धावणारी दचकून पार बाहेरच्या पट्ट्यात गेली. दुसरीनं शिवी दिली. आणि लुपे उडी मारून गवतावर, मान वर करून आभाळ बघत उभी.

आभाळात काही नव्हतं. मैदानाच्या भिंतीपलीकडून, रस्त्यावरून, कुठली तरी आगीची गाडी भोंगा वाजवत चालली होती.

आधी एक माणूस हसला. मग त्या बाजूचे सगळे हसले. लुपेनं मान खाली केली तेव्हा तिला कोपऱ्यातली आपली माणसं दिसली. ती हसत नव्हती. ती सगळीच्या सगळी उठून उभी होती, हातात पिशव्या घेऊन, एक पाय जिन्यावर टाकून. भोंगा वाजल्याबरोबर तीही निघाली होती.

झेंडेवाली तोवर आली होती. या वेळी ती कोवळी पोरगी होती, डोळ्यात पाणी आलेलं, हसण्यानं का दयेनं ते देव जाणे. तिनं लुपेचं कोपर धरलं.

"झालं, मावशी. तुम्ही ट्रॅक सोडलात. बाद झालात. चला, बसा जरा."

तेच कोपर. तोच मायेचा हात. लुपेला आधी शरमेनं घाम फुटला. चार वर्षं या दिवसाची वाट पाहिली आणि या खेपेला कुणी उठवलं नाही तर स्वतःच्या पायांनी उठून आली! मग त्या शरमेच्या मागून जो राग आला तो तिचा एकटीचा नव्हता.

"हात काढ," ती म्हणाली.

"पण मावशी, नियम—"

"हात काढ म्हणते ना! भोंगा झाला म्हणून मी बाजूला झाले. विमान नाहीये. आता परत जाते." आणि जिथून उडी मारली होती, बरोब्बर तिथेच जाऊन तिनं पाय ठेवला आणि पळू लागली.

आपिनेरू कुंपणाशी धावत आला होता. शर्टाची इस्त्री गेली होती. "लुपे! बाहेर ये! बाद केलंय तुला! नियम आहे!"

"नियमच पाळला मी!"

"अगं, देशाची लाज काढतेस!"

"देश तिकडे उभा आहे!" लुपेनं पळता पळता कोपऱ्याकडे हात केला. "पिशव्या घेऊन! त्याला आधी बसायला सांग!"

पंच एकमेकांशी बोलले. एकेचाळीस वर्षांच्या बाईला भर मैदानात पाठलाग करून पकडायचं, तर तो तमाशा याहून मोठा झाला असता. पळू दे, दमेल आणि बसेल, असं त्यांनी ठरवलं असावं. ते लुपेला ओळखत नव्हते.

पहिली आली. तिच्यासाठी घंटा वाजली, छायाचित्रं निघाली. एकेक करत सगळ्या आल्या, गवतावर पडल्या, पाणी प्यायल्या. फेऱ्यांचा फलक दोघांनी उचलून नेला. लोक खायला घ्यायला उठले. लुपे बोटं मिटत धावत राहिली. तिच्या डोक्यात सगळं गाव फिरत होतं. वीस वर्षं आम्ही बाजूला होतोय, तिला वाटलं. डॉक्टर आला, व्हा बाजूला. मंत्री आला, व्हा बाजूला. आमची कीव करायला कॅमेरेवाला आला, त्याच्यासाठीही चटया गुंडाळून बाजूला झालो. आणि समुद्र आला की कायमचेच बाजूला व्हा म्हणे. नाही होत. तिला हे कुणाला तरी तोंडावर सांगायचं होतं, पण तोंडात श्वास मावत नव्हता.

शेवटच्या चार फेऱ्या उरल्या तेव्हा अडथळे आले. निळे सदरे घातलेली माणसं दोन्ही बगलांत अडथळे घेऊन ट्रॅकवर उतरली आणि ओळीनं मांडू लागली. एक बरोब्बर तिच्या पट्ट्यात. मांडणाऱ्याचं तिच्याकडे लक्षही नव्हतं, शर्यत संपलीच होती ना. कुठून आला कोण जाणे, पण तिचा आवाज आला. कुत्र्यांना, डुकरांना, टेलिमाला हाकलून वीस वर्षं तापलेला आवाज.

"हला! बाजूला व्हा! ए, उचल ते! उचल म्हणते!"

निळ्या सदऱ्याचा माणूस दचकून अडथळ्यासकट हवेत उडाला. त्याच्यापुढचा, त्याच्याहीपुढचा, सगळे आपापले अडथळे छातीशी धरून कडेला सरले. लुपे मधून गेली. ती गेल्यावर त्यांनी पुन्हा मांडले. ती फिरून आली.

"हला!"

पुन्हा उचलले. तिसऱ्या वेळी ओरडावं लागलं नाही. अडथळ्यांच्या शर्यतीसाठी ताटकळलेला एक दांडगा गडी स्वतःच पुढे होऊन सगळ्यांना मागे सारत होता, "सरा, सरा, मावशी येतेय."

तिनं रेघ ओलांडली तेव्हा तिथे घंटा नव्हती, फीत नव्हती. आपिनेरू मात्र होता, पाण्याची बाटली घेऊन. लुपे गुडघ्यांवर हात टेकून किती तरी वेळ वाकून राहिली. मग तिनं मोठ्या फलकाकडे बघितलं. अकरा नावांपुढे वेळ होती. तिच्या नावापुढे नुसती दोन अक्षरं.

"काय म्हणतोय तो?"

"बाद," आपिनेरू म्हणाला.

"आणि तू काय म्हणतोस?"

"पाणी पी," आपिनेरू म्हणाला.

पथक परत आलं त्या दिवशी भोंगा झाला तेव्हा धावपट्टीवर सेलाई होती. हार घेऊन आलेल्या बायका, पाद्री, मंडळाचे लोक, सगळे हौसेनं पुढे सरसावले होते. विमानाच्या खिडकीतून लुपेनं पाहिलं, सासू शिट्टी फुंकत त्यांना मागे रेटत होती. "हार पळून जात नाहीत! आधी हला!"

लुपे खाली उतरली. सगळ्यांनी हार घातले. सगळे "छान, छान" म्हणाले. वजनवाल्यानं कांस्य आणलं होतं, त्याला मिठ्या मारून झाल्या, की तिच्या खांद्यावर अलगद थोपटायचे. टेलिमानं तिची पिशवी उचलून घेतली. कुणी एक अक्षर वावगं बोललं नाही. झालं, लुपेच्या मनात आलं. पुन्हा तेच.

संध्याकाळी सभाघरात जेवण होतं. खांबांना टेकून म्हातारी मंडळी, मधे पानांवर मासे, पुलाकाचे कंद, नारळाच्या दुधातला भाजलेला नीरफणस. जेवणं झाल्यावर आपिनेरूनं उभं राहून प्रत्येकाचं काय झालं ते सांगितलं. कांस्यपदकाला टाळ्या पडल्या. होडीवाले पाचवे, टाळ्या. मग तो थांबला. "दहा हजार मीटर. फियालुपे. बाद."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. लुपे चटईची काडी उसकटत बसली.

"का बाद?" पेनितुसी म्हाताऱ्यानं खांबाशी बसल्या बसल्या विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही होतं. आपिनेरूनं घसा साफ केला. "भोंगा झाला. ती ट्रॅकवरून बाजूला झाली."

"हं. आणि बाकीच्या?"

"बाकीच्या कुठे?"

"भोंगा झाला तेव्हा बाकीच्या अकरा जणी बाजूला झाल्या का?"

"नाही. त्या धावत राहिल्या."

पेनितुसी हळूहळू उठला. गुडघे वाजले. त्यानं सगळ्या म्हाताऱ्यांकडे एकदा बघून घेतलं. "आपल्या बेटावर भोंगा झाल्यावर जो धावपट्टीवरून हलत नाही, त्याला काय म्हणतात?"

"गाढव!" पाठीमागून सेलाई ओरडली.

"त्याला दंड होतो," पेनितुसी गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे अकरा जणींनी नियम मोडला. एकटीनं पाळला. अकरा बाद. आपिनेरू, तू मास्तर होतास. बारातून अकरा गेले, किती राहिले?"

आपिनेरूचं तोंड उघडं राहिलं. "एक."

"मग लुपे पहिली!"

आणि सभाघर फुटलं. चार वर्षं दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर आलं. टेलिमा जमिनीवर हात आपटून हसत होता. "लुपेताई, त्या पहिलीला तरी एकच पॉइंट घेऊ द्यायचा!" कुणी म्हणालं, बरं झालं तिथे डुक्कर नव्हतं, नाहीतर तेही आपल्या पथकातून आणावं लागलं असतं. एक बाई उठून लुपेची आभाळाकडे बघायची नक्कल करू लागली. वजनवाल्यानं कांस्यपदक दातांत धरलं आणि पिशवी उचलून पळायची नक्कल केली. लुपे हसत होती आणि रडत होती. किती वर्षांनी कुणी तिला असं धारेवर धरलं होतं!

"उद्याच गाणं रचतो," पेनितुसी म्हणाला. "नाही, आत्ताच. लुपे पहिली आली."

तेव्हा लुपे उठली. डोळे पुसले. "आजोबा, पहिली नको."

"का गं? मोठी साधीभोळी!"

"साधीभोळी नाही. खोटी चेष्टा कशाला? गाण्यात शेवटची घाला. शेवटची यायला शर्यत संपवावी लागते. मागच्या वेळी मी शेवटचीही आले नव्हते. या वेळी आलेय. ते माझं आहे, ते द्या."

हसणं ओसरलं. पेनितुसीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. आता तो चेष्टा करत नव्हता. बेटावर गाण्यात जे जातं ते नातवंडांपर्यंत जातं. त्यात खोटं घातलेलं त्याला चालत नाही.

"शेवटची घालायची तर साक्ष हवी, पोरी. पंचांनी तुझ्या फेऱ्या मोजायच्या सोडल्या होत्या म्हणतात. पंचवीस झाल्या हे कुणी बघितलं?"

लुपेनं कोपऱ्यातल्या पथकाकडे बघितलं. त्यांनी माना खाली घातल्या. शर्यतीच्या वेळी ते टाळ्या वाजवत होते, ओरडत होते, कुणी मोजलं नव्हतं.

"मी मोजल्या," आपिनेरू म्हणाला.

सगळे वळले.

"पंचवीस झाल्या. पुऱ्या." त्याचा आवाज चिरकला. "तिला बाहेर ये म्हणून ओरडत होतो तेव्हाही मोजत होतो."

लुपेनं त्याच्याकडे बघून मान हलवली, एकदाच.

मग मधे ठेवलेल्या लाकडी खोक्यावर थाप पडली, आमचा ढोल तोच. आमची गाणी हळू सुरू होतात आणि तीच ओळ फिरून फिरून घेत चढत जातात. पेनितुसीनं ओळ धरली: *भोंगा झाला, लुपे हलली, विमान नव्हतं, लुपे वळली, सगळ्या गेल्या, रेघ राहिली, लुपे शेवटची आली, आली.* दुसऱ्या फेऱ्याला बायकांनी सूर धरला. तिसऱ्याला कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि "भोंगा झाला" म्हटल्याबरोबर सभाघराची एक बाजू उठून मागे सरली. पुढच्या वेळी दुसरी बाजू सरली. चटया, पानं, पोरं, म्हातारे, सगळं खांबांना लागलं, आणि मधली जमीन मोकळी झाली.

लुपे मोकळ्या जागेच्या काठाशी उभी होती. थाप चढत होती. तिनं कोपरं अंगाशी घेतली आणि पळत सुटली, आणि एक पोर मधे रांगत आलेलं दिसताच दाराशी उभ्या सेलाईनं शिट्टी फुंकली.

"हला रे, बाजूला व्हा! माझी सून येतेय!"